बाळाच्या वाटीसाठी घरचे धान्य



सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसऱ्या कशाचीही, अगदी पाण्याचीही, गरज नसते. सातवा महिना लागला की मात्र केवळ दुधावर त्याची वाढ होत नाही. जन्माच्या वेळी शरीरात असलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडे असते. बाळ पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाचे होईपर्यंत तिप्पट वजनाचे व्हावे, अशी अपेक्षा असते. ही वजनाची रेघ अंगणवाडीच्या तक्त्यावर कुठे आडवी पडते ते पाहावे. बहुतेक वेळा ती उष्टावणानंतरच्या महिन्यांतच आडवी पडलेली दिसते. कारण घरात धान्य नसते असे नव्हे, तर त्या धान्यापासून बाळाला काय आणि कसे द्यावे हे ठरलेले नसते. कोणी डाळीचे वरचे पाणी देते, तर कोणी चहात बुडवलेले बिस्किट देते.

हा विषय खरे तर गृहविज्ञान शाखेचा. कृषिविद्येच्या शिक्षकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, बाळाच्या वाटीचा चांगलेवाईटपणा चुलीवर ठरण्याच्या आधी खळ्यावर आणि कोठीत ठरतो. बाजारातील डब्यातले पीठ कोणत्या शेतातले, हे कोणालाही सांगता येत नाही. आपल्या घरचे धान्य कोणत्या शेतातले, त्यावर कोणती फवारणी झाली, ते कोठे मळले आणि कशात साठवले, हे तुम्हाला माहीत असते. या माहितीचा उपयोग बाळासाठी करून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

नाचणीच का?

नाचणीला कोल्हापुराकडे नाचणा आणि नाशिक, ठाण्याकडे नागली म्हणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. तेवढ्याच गव्हात ते सुमारे ४० मि.ग्रॅ., ज्वारीत सुमारे २८ मि.ग्रॅ. आणि पांढऱ्या तांदळात १० मि.ग्रॅ. पेक्षाही कमी असते. हाडे आणि दात भरण्याच्या वयात हा फरक फार मोठा आहे. प्रथिने मात्र नाचणीत सात टक्क्यांच्या आसपासच असतात, म्हणून तिच्या जोडीला डाळ हवीच. तृणधान्यांत लायसिन हा घटक कमी असतो, तो मुगात भरपूर असतो. मुगात मिथिओनिन कमी असते, ते नाचणीत चांगले असते. दोन्ही एकत्र शिजले की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

वाणांबाबत फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. दापोली-१, दापोली-२, फुले नाचणी किंवा घरचे जुने वाण, यांपैकी जे असेल ते चालेल. पांढऱ्या दाण्याची नाचणी मिळाली तर ती जरूर घ्यावी. तिच्यात टॅनिन कमी असते व प्रथिने थोडी अधिक असतात. लापशीचा रंगही उजळ येतो, त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी ‘बाळाला काळे काय भरवता’ असे म्हणत नाहीत.

सत्त्व की पीठ?

आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करण्याची जुनी रीत आहे. भिजवून मोड आणलेली नाचणी पाण्यात वाटतात, फडक्यातून गाळतात, खाली बसलेला साका वाळवतात आणि वरचे पाणी व फडक्यावरचा चोथा टाकून देतात. नावामुळे असे वाटते की यात धान्याचे सार तेवढे उतरले. प्रत्यक्षात खाली बसतो तो मुख्यतः पिष्टमय भाग. नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत व सालीलगतच्या थरात असतो. तो चोथ्याबरोबर जातो, आणि पाण्यात विरघळणारी प्रथिने व क्षार पाण्याबरोबर जातात. म्हणजे ज्या गुणासाठी नाचणी निवडली, तोच गुण गुरांच्या पाटीत पडतो. सत्त्व पचायला हलके असते हे खरे. आजारातून उठलेल्या माणसाला ते द्यावे. वाढत्या बाळाला मात्र अख्ख्या दाण्याचे, मोड आणून वाळवलेले व बारीक दळलेले पीठच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीच्या महिना-दीड महिन्यात पीठ वस्त्रगाळ करून घ्यावे. पुढे बारीक चाळणी पुरते.

मोड आणल्याने काय साधते?

बाळाचे पोट लहान असते. साध्या नाचणीच्या पिठाची लापशी थोड्याच पिठात घट्ट होते, मग ती पातळ करण्यासाठी आई पाणी वाढवते. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात पीठ दोन चमचेही नसते. बाळाचे पोट भरते आणि वजन मात्र वाढत नाही.

दाण्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. कोंबाला अन्न मिळावे म्हणून ते दाण्यातील पिष्टाचे लहान तुकडे करते. तेच विकर लापशी शिजताना काम करते आणि लापशी घट्ट न होता सरसरीत राहते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत दुपटीहून अधिक पीठ मावते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देसिकाचार यांनी मोडाची नाचणी व मोडाचे मूग ७०:३० या प्रमाणात घेऊन असे बाळ-अन्न तयार केले. ते काम १९८२ साली प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी त्याच दशकात मोडाच्या पिठाची केवळ चिमूट घालून घट्ट लापशी पातळ करण्याच्या पद्धतीवर काम केले. मोड आल्याने आणखी एक गोष्ट घडते. दाण्यातील लोह व जस्त बांधून ठेवणारे फायटेट कमी होते आणि हे क्षार शरीराला अधिक प्रमाणात मिळतात.

करण्याची पद्धत

नाचणी आधी सुपाने पाखडून घ्यावी. तिच्यात वाळूचे बारीक कण हमखास असतात आणि ते पाखडून जात नाहीत. म्हणून ती पाण्यात रोळून घ्यावी, म्हणजे खडा तळाशी राहतो. शेवटचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवावी. नंतर पिण्याच्या पाण्यात रात्रभर, सुमारे १० ते १२ तास भिजत घालावी. सकाळी पाणी ओतून द्यावे, नाचणी उपसून स्वच्छ ओल्या सुती फडक्यात सैल बांधावी आणि सावलीत ठेवावी. उन्हाळ्यात एका दिवसात मोड दिसू लागतात, थंडीत दोन दिवसही लागतात. दर आठ तासांनी पुरचुंडी सोडून दाणे हलवावेत, फडके कोरडे वाटल्यास पाणी शिंपडावे. मोड अर्धा सेंटिमीटरच्या आसपास झाला की पुरे. अधिक लांबवल्यास दाणा पोकळ होतो व पिठात घट येते.

या टप्प्यावर नाकाचा उपयोग करावा. चांगल्या मोडाला हिरवट, ताजा वास येतो. आंबूस वास आला, दाणे बुळबुळीत लागले किंवा बुरशीचा पांढरा-काळा धागा दिसला, तर सारा घाणा गुरांनाही न घालता खड्ड्यात टाकावा. वरचे खराब दाणे काढून बाकीचे वापरणे बाळाच्या बाबतीत परवडणारे नाही. ओल आणि ऊब या दोन्ही गोष्टी मोडांना जेवढ्या मानवतात तेवढ्याच जंतूंनाही मानवतात. म्हणूनच भर पावसाळ्यात हे काम करू नये. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतचा काळ उत्तम असतो.

मोड आलेली नाचणी स्वच्छ कापडावर पातळ पसरावी, वर तलम कापड झाकावे आणि दोन कडक उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली कट् असा आवाज करून फुटला पाहिजे. वाळल्यावर दोन्ही तळव्यांत चोळून सुकलेले मोड झाडावेत व पाखडून टाकावेत. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतावे. येथे एक खुबी आहे. दाणे करपेपर्यंत भाजले तर चव बरी लागते, परंतु अमायलेज मरते आणि केलेली सारी मेहनत वाया जाते. दाणा हाताला चांगला गरम लागेल, पण काळपटणार नाही, एवढीच आच द्यावी.

मुगाचेही असेच करावे. ते लवकर, साधारण एका दिवसात मोड धरतात. वाळवून, भाजून, भरडून साल पाखडून टाकावी. सात वाट्या नाचणी आणि तीन वाट्या मूग या मापाने एकत्र करून दळावे. अशा १०० ग्रॅम पिठात १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि २५० मि.ग्रॅ. हून अधिक कॅल्शियम मिळते.

दळण घरच्या जात्यावर किंवा मिक्सरवर करावे. गिरणीत न्यायचे असल्यास आधी कोणाचे दळण झाले ते विचारावे. मिरची किंवा मसाला झाला असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. पीठ पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि एका वेळी पंधरा दिवस पुरेल एवढेच करावे. दाणे वाळवून ठेवले तर जास्त दिवस टिकतात, म्हणून मोडाची नाचणी जास्त करून ठेवावी व दळण थोडे थोडे करावे.

ज्वारीला मोड आणू नका

नाचणीचे पाहून अनेक घरांत ज्वारीलाही मोड आणून पीठ केले जाते. हे अजिबात करू नये. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांना किराळ लागणे म्हणजे काय, हे सांगायला नको. कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतर फुटलेल्या खोडव्याच्या फुटव्यात शिरलेली गाय तासाभरात आडवी होते. ज्या पदार्थामुळे हे होते तो धुरीन, आणि पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. वाळलेल्या ज्वारीच्या दाण्यात धुरीन जवळजवळ नसतेच, म्हणून भाकरी पूर्णपणे सुरक्षित आहे. दाण्याला कोंब फुटला की मात्र ते झपाट्याने तयार होऊ लागते. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० ग्रॅम ज्वारीपासून वाढवलेल्या कोंबांत सरासरी ६१ मि.ग्रॅ. हायड्रोसायनिक आम्ल भरले. एवढी मात्रा मोठ्या माणसालाही घातक ठरू शकते.

हे विष कोंबात व मुळांत एकवटलेले असते. आफ्रिकेतील काही देशांत ज्वारीचे मोड काढून टाकून पीठ करण्याची पद्धत आहे आणि त्याने धोका पुष्कळ कमी होतो. पण चोळताना एकूणएक मोड गेला की नाही याची खात्री घरात कोण देणार? आपल्याजवळ नाचणी, मूग, गहू अशी मोडाला योग्य धान्ये असताना हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. ज्वारी द्यायची तर मालदांडीसारखी रब्बीची चांगली ज्वारी न भिजवता मंद भाजून दळावी. त्याहून उत्तम म्हणजे ज्वारीच्या लाह्या फोडून त्यांचे पीठ करावे. लाही फुटताना दाणा आतून शिजलेला असतो, त्यामुळे पीठ हलके होते. त्यात नाचणीच्या मोडाचे अर्धा चमचा पीठ घातले की ज्वारीची लापशीही सरसरीत होते. कापणीच्या वेळी पाऊस लागून कणसातच मोड फुटलेली किंवा काळी पडलेली ज्वारीही बाळासाठी घेऊ नये.

बाजरी आणि लोह

लोहाच्या बाबतीत बाजरी नाचणीपेक्षा सरस आहे. २०१४ साली देशभरासाठी अधिसूचित झालेल्या ‘धनशक्ती’ या वाणात किलोमागे सुमारे ७१ मि.ग्रॅ. लोह असते. बेळगाव येथे दोन वर्षांच्या मुलांना लोह व जस्तयुक्त बाजरीचे पदार्थ देऊन केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांनी हे दोन्ही क्षार चांगल्या प्रमाणात शोषल्याचे दिसून आले. पुढच्या खरिपात गुंठाभर तरी अशी बाजरी घरासाठी पेरावी.

बाजरीत दोन अडचणी आहेत. तिच्यात स्निग्धांश सुमारे पाच टक्के असल्याने पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, म्हणून ते थोडे थोडे दळावे. दुसरी अडचण अरगटाची. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा राहिली की कणसावर मधासारखा चिकट स्राव येतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट ग्रंथी तयार होतात. त्या विषारी असतात. बियाण्यासाठी आपण २० टक्के मिठाचे द्रावण करतो, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. तेच येथेही वापरावे. बाजरी त्यात बुडवून ढवळावी, तरंगणाऱ्या ग्रंथी व हलके दाणे काढून जाळून टाकावेत. खाली राहिलेली बाजरी साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन वाळवावी. ज्या शेतात अरगट जास्त पडला होता तेथील बाजरी मात्र धुऊनही बाळासाठी वापरू नये.

कोठीतील धान्य

पेरणीतून उरलेले, औषध लावलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यात आणू नये. ज्या धान्यात कीड लागू नये म्हणून कीटकनाशक भुकटी, पारद टिकड्या किंवा विषारी वायूच्या गोळ्या ठेवल्या असतील, त्यातले धान्य बाळासाठी घेऊ नये. याचा सोपा मार्ग असा की मळणी झाल्याबरोबर दहा-पंधरा किलो धान्य बाळाच्या नावाने बाजूला काढावे, ते चांगले वाळवून पत्र्याच्या कोरड्या डब्यात भरावे व महिन्याने एक ऊन द्यावे. फवारणी झाली असल्यास औषधाच्या वेष्टनावरचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्यावरच काढणी केलेली असावी. डांबरी रस्त्यावर गाड्यांखाली मळलेले धान्य या डब्यात जाता कामा नये.

शेंगदाण्याचे कूट घालण्याची पद्धत चांगली आहे, पण सुरकुतलेला, रंग बदललेला किंवा कुबट दाणा एकही नको. अशा दाण्यावरील बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते भाजून किंवा शिजवून जात नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताच्या विकाराची साथ आली होती व तीत शंभरावर माणसे दगावली. अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या हाती कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

लापशी शिजवताना

एका वेळेसाठी २५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन सपाट मोठे चमचे पीठ घ्यावे. ते आधी गार पाण्यात कालवावे आणि मगच मंद आचेवर ठेवून ढवळत राहावे. उकळत्या पाण्यात पीठ टाकल्यास विकर तत्काळ मरते आणि लापशी घट्ट होते. हळूहळू तापताना त्याला काम करण्यास वेळ मिळतो. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटे शिजू द्यावे. शेवटी एक लहान चमचा तूप किंवा तेल घालावे.

हिशेब पाहा. २५ ग्रॅम पिठातून सुमारे ८० व एक चमचा तुपातून सुमारे ४० असे एका वेळेस १२० उष्मांक मिळतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत ५५० उष्मांकांची गरज असते. म्हणजे सुरुवातीस दोन वेळा, पुढे तीन-चार वेळा भरवणे भाग आहे. पहिल्या दिवशी मात्र दोन चमचेच द्यावेत व आठवड्याभरात वाढवत न्यावे. एक धान्य तीन दिवस देऊन पुरळ, उलटी, जुलाब काही होत नाही हे पाहावे आणि मग दुसरे सुरू करावे.

पहिल्या वर्षात मीठ व साखर घालू नये. मधही नको, त्यातील जंतूंचे बीज वर्षाच्या आतील बाळाला बाधू शकते. गोडीसाठी कुस्करलेले केळे पुरेसे आहे. लिंबाचे चार थेंब पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. बाटलीत पातळ लापशी भरून पाजू नये, वाटी-चमच्यानेच भरवावे. बाटलीचे बूच कितीही उकळले तरी पुरते स्वच्छ होत नाही. शिजवलेली लापशी दोन तासांहून अधिक ठेवू नये. उरली तर घरातील मोठ्यांनी खावी. चवीला ती वाईट लागत नाही.

या पिठाने सारेच भागते असे मात्र समजू नये. भाज्या, फळे, डाळ-भात, चालत असल्यास अंडे, हे सारे वर्षाच्या आतच सुरू झाले पाहिजे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहिले पाहिजे. सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचे औषध देतात. ते आठवड्यातून दोनदा एक मि.लि. याप्रमाणे द्यावे, लापशी चालू आहे म्हणून बंद करू नये. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करावे आणि लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, तर पिठाचे प्रमाण बदलत न बसता बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.